यजमान घरात आहेत

“इथे यजमानांचं नाव लिहायचं का, मॅडम?” द्वारकाने हात वर करून विचारलं.

कुलथे मॅडम फळ्यावर आकृती काढत होत्या. मागे वळून न बघताच त्या म्हणाल्या, “हो. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. आठ अक्षरांच्या वर नको.”

“आडनावासकट?” फातिमाने विचारलं.

“आडनाव कशाला? सुटसुटीत ठेवा.”

मग आम्ही सातजणी माना खाली घालून लिहायला लागलो. लीला खरे तेवढी पेन धरून बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, माझं लग्न झालेलं नाही.”

कुलथे मॅडम आता मात्र वळल्या. लग्नाचा इथे काय संबंध, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्या सभ्य होत्या. “हरकत नाही,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला आवडेल ते नाव लिहा.” लीलाने मोती लिहिलं. मोती तिचा कुत्रा. “घरात माझं ऐकणारा तोच आहे,” ती हळूच मला म्हणाली.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. आम्ही सगळ्या टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावरच्या बायका. आयुष्यभर कानाला हेडसेट लावून, हातात कॉर्ड घेऊन या गावाची माणसं त्या गावाला जोडून दिलेली. मग स्वयंचलित यंत्रं आली, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि एके दिवशी आमच्यासमोरचा बोर्ड चार माणसांनी उचलून टेम्पोत घातला. खात्याने सांगितलं की बारा दिवसांचं संगणक-जाळ्याचं प्रशिक्षण घ्या. शेवटी परीक्षा. पास होईल तिला आहे त्याच गावी नव्या कक्षात जागा मिळेल. नापास होईल तिची बदली चंद्रपूरला, टपाल विभागात.

माझ्यासाठी चंद्रपूर म्हणजे गैरसोय झाली असती, एवढंच. मुलं मोठी झाली होती आणि मधूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुठेही करमायचं. द्वारकाचं तसं नव्हतं. तिच्या यजमानांचं विट्याच्या स्टँडसमोर शिलाईचं दुकान होतं. त्यांची नजर अधू झालेली. कापड बेतायचं, मशीन चालवायचं, सगळं हाताच्या अंदाजाने व्हायचं, फक्त सुई ओवता येत नसे. द्वारका रोज ड्युटीवर जायच्या आधी वीस सुया वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवून गादीला टोचून ठेवायची. प्रशिक्षणाला निघताना तिने तीनशे ओवल्या होत्या. “बारा दिवस पुरतील,” ती मला एस.टी.त म्हणाली होती. “चंद्रपूरला गेले तर किती ओवून ठेवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्गात आलो तर कुलथे मॅडमनी आमच्या सात यंत्रांना कागदावरची नावं देऊन टाकली होती. मोठ्या पडद्यावर यादी झळकत होती. मधू, उस्मान, भगवान, मोती, आणखी तीन.

“छान नावं दिलीत,” मॅडम म्हणाल्या. “भगवान कुणाचं?”

द्वारकाने पदर सावरला आणि जमिनीकडे बघत राहिली.

“उस्मान माझा,” फातिमा म्हणाली.

“म्हणजे तुमचं मशीन ना? तिसऱ्या नंबरचं?”

“मशीन नाही, मॅडम. नवरा.”

दोन मिनिटं गेली तेव्हा कुठे उलगडा झाला. खात्याचा हुकूम होता की पाठ्यक्रम मराठीतून द्या. कुलथे मॅडमचं सगळं शिक्षण इंग्रजीत, वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. त्यांनी परिभाषेच्या कोशात बघितलं. जाळ्याला जोडलेलं प्रत्येक यंत्र म्हणजे ‘होस्ट’, आणि होस्टला मराठीत यजमान. त्यांनी तसं छापून दिलं. यजमान म्हणजे आमच्यासारख्या बायकांच्या तोंडी कोण, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. “सॉरी. मी आज दुपारीच सगळी नावं बदलते.”

“राहू द्या हो,” फातिमा म्हणाली. “पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या हाताखाली आलेत.”

आणि नावं राहिली. त्यानंतरचे दहा दिवस त्या खोलीत जेवढं हसलो तेवढं मी पुढे कधी हसल्याचं आठवत नाही. “मॅडम, उस्मान हँग झालाय.” “मधू फार गरम होतोय, बंद करून परत चालू करू का?” “मोतीने माझी फाइल खाल्ली.” पुरुष शिकाऊंची एक तुकडी पलीकडच्या खोलीत होती, ते जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे संशयाने बघायचे.

शिकणं मात्र आम्हाला जड गेलं नाही. मॅडम इंग्रजी शब्द सांगायच्या आणि आम्ही तो आमच्या कामात कुठे बसतो ते शोधायचो. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तो हब म्हणजे आमचा बोर्ड, फक्त बाई नसलेला. संदेश एकसंध जात नाही, त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पाकिटात घालतात आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, हे तर पोस्टाच्या शेजारी नोकरी केलेल्यांना सांगायलाच नको. पिंग नावाची आज्ञा होती. ती दिली की आपलं यंत्र दुसऱ्याला विचारतं, हॅलो, आवाज येतोय का? आणि ते यंत्र चालू असलं तर म्हणतं, येतोय. हे काम आम्ही दिवसातून शंभरदा करायचो, घसा बसेपर्यंत.

मग पत्ता. प्रत्येक यंत्राला एक नंबर, चार तुकड्यांचा, मध्ये टिंबं. “यंत्रांना खरं तर नंबरच कळतो,” मॅडम म्हणाल्या. “नावं आपल्या सोयीसाठी. म्हणून माझ्या टेबलावरच्या मोठ्या मशीनमध्ये एक यादी आहे. तुम्ही नाव टाकलं की तुमचं मशीन आधी माझ्या मशीनला विचारतं, या नावाचा नंबर काय? माझं मशीन नंबर देतं. मग पुढे बोलणं होतं.”

“म्हणजे चौकशीची बाई,” द्वारका म्हणाली.

“कोण?”

“लोक आम्हाला विचारायचे ना, अमक्या डॉक्टरांचा नंबर काय. एक बाई फक्त तेवढ्यासाठीच बसायची. पुस्तक समोर ठेवून.”

“अगदी तेच,” मॅडम म्हणाल्या आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढे पुढे त्या आमच्याकडूनच जास्त लिहून घ्यायला लागल्या.

अडचण एकच होती, आणि ती माझ्या लक्षात चौथ्या-पाचव्या दिवशी आली. सराव करताना मॅडमचा नियम होता की जी आज्ञा द्याल ती मोठ्याने बोलत द्या. परीक्षेतही तसंच करायला लागणार होतं. मी म्हणायची, “पिंग उस्मान.” फातिमा म्हणायची, “पिंग मधू. कसे आहात मधूभावजी?” द्वारका म्हणायची, “पिंग एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब तीन.” आधी मला वाटलं ती नंबर पाठ करतेय. मग कळलं की स्वतःच्या यंत्राच्या नावाची पाळी येऊ नये, म्हणून तिने नावांचा नादच सोडून दिलाय.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कधी निघालं नव्हतं. लिहायला तिची हरकत नव्हती, रेशनकार्डावर, फॉर्मावर ती लिहायची. बोलायचं नाही. आणि नाव तरी कसलं, भगवान. देवळात गेली तरी ती देव म्हणायची, तो एक शब्द टाळायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीत वाळलेले कपडे काढताना मी विषय काढला.

“उद्या पुण्याहून वाघोलीकर साहेब येणार आहेत. कडक माणूस आहे म्हणतात. ‘भगवान’ला पिंग करा म्हणाले तर काय करशील?”

“नंबर सांगीन.”

“त्यांनी नावच विचारलं तर?”

“सरोजताई, नंबर असताना नाव कशाला लागतंय?”

“अगं, नंबर कोण लक्षात ठेवतं? त्यासाठीच तर नावं केलीत. मॅडमनी सांगितलं नाही का?”

“मी ठेवते. सातच तर आहेत. बोर्डावर साडेचारशे होते.”

मला राग आला. तिच्या काळजीनेच आला, पण आला. मी म्हटलं, “मी मधूला मधू म्हणते. भर बाजारात हाक मारते. त्याचं काही वाकडं झालं का? एकदा म्हणून तर बघ. इथे मी आणि या दोन चादरी आहोत.”

तिने चादरीची घडी घातली. चारही कोपरे नीट जुळवले. मग म्हणाली, “तुम्हाला मधूभावजींनी कधी विचारलं का, मला मधू का म्हणतेस?”

“नाही.”

“मग मला पण नका विचारू.”

“चंद्रपूरला जा मग,” मी म्हणाले, “आणि तिथून ओव सुया.” हे बोलायला नको होतं. बोलता क्षणीच कळलं. ती माझेही कपडे घेऊन खाली गेली आणि रात्री जेवताना नेहमीसारखी माझ्या शेजारीच बसली, त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

वाघोलीकर साहेब दुसऱ्या दिवशी अकराला आले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. लेखी परीक्षा झाली. जेवणानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक. आमची यंत्रं दाराआडच्या खोलीत, दार बंद. या खोलीत एकच यंत्र, साहेब त्याच्या शेजारी, कुलथे मॅडम कोपऱ्यात उभ्या. सेवेची वर्षं जास्त असलेलीला आधी बोलावणार. झालं की मागच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही. पहिला नंबर माझा. द्वारकाची नोकरी सगळ्यांत कमी, ती शेवटी.

साहेबांनी हातातल्या यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे बरं आहे, भगवान. देवधरबाई, पलीकडच्या खोलीत भगवान नावाचं यंत्र आहे. दार न उघडता मला सांगा, ते चालू आहे की बंद. काय करताय ते बोलत करा. उत्तर या कागदावर लिहून सही करा.”

इतका सोपा प्रश्न. मी खुर्ची पुढे ओढली. “पिंग भगवान,” खणखणीत आवाजात म्हणाले आणि कळ दाबली. पडद्यावर आलं, अनोळखी यजमान. मी पुन्हा केलं. तेच. मी विचार केला, चालू असता तर बोलला असता. कागदावर लिहिलं, ‘बंद’. सही केली. साहेबांनी कागद पालथा घातला आणि म्हणाले, “बसा.”

फातिमाने पण तेच केलं. “पिंग भगवान,” ती म्हणाली, मग पडद्याकडे बघून, “भगवानची काही हालचाल नाही, साहेब.” बंद. लीलाने तीनदा केलं. बंद. सहाजणी झाल्या. सहा कागद पालथे. साहेबांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण कुलथे मॅडम अस्वस्थ होऊन पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या.

“माने,” साहेब म्हणाले. “तोच प्रश्न. भगवान चालू की बंद?”

द्वारका बसली. दोन्ही हात कळांवर ठेवले. माझं लक्ष तिच्या मानेकडे, मागून तेवढीच दिसत होती.

“पिंग,” ती म्हणाली. थांबली. “एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब सात.”

“मी नाव सांगितलं होतं, नंबर नाही,” साहेब म्हणाले.

द्वारकाने कळ दाबली. आणि पडद्यावर ओळ आली. मग दुसरी. तिसरी. चौथी. सातकडून उत्तर, सातकडून उत्तर.

बाकावर लीलाने माझ्या मांडीला चिमटा काढला. साहेब पुढे वाकले.

“आता नावाने करून दाखवा.”

तिने टाइप केलं, तोंडाने ‘पिंग’ एवढंच म्हणाली. पडद्याकडे बघून सांगितलं, “अनोळखी यजमान म्हणतंय.”

“मग? चालू की बंद?”

“चालू, साहेब,” ती म्हणाली आणि कागदावर तसं लिहून सही केली.

“नावाने तर उत्तर येत नाही.”

“यजमान घरात आहेत,” द्वारका म्हणाली. “चौकशीची बाई जागेवरून उठून गेलीय.”

साहेबांना कळेना. मॅडमनी पुढे येऊन सांगितलं, “सर, त्या नेम सर्व्हरबद्दल बोलतायत. नावांची यादी. त्या म्हणतायत की यंत्र ठीक आहे, तार ठीक आहे, फक्त नावाचा नंबर सांगणारा सर्व्हर बंद आहे.”

“तो मीच बंद केलाय,” साहेब म्हणाले. “जेवणाच्या सुट्टीत. सकाळी तुमची लेखी चालू असताना पलीकडच्या तुकडीलाही असंच करून हाच प्रश्न घातला. अकराजणांनी ‘बंद’ लिहून दिलं.” मग द्वारकाकडे वळले. “तुम्ही पहिल्या फटक्यालाच नंबर लावलात. तुम्हाला संशय कशावरून आला?”

तिथे ती काहीही सांगू शकली असती. अंदाज आला, म्हणाली असती तरी कोणी खोटं म्हणालं नसतं. तिने मान वळवून क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

“संशय नाही आला, साहेब. मी कायम नंबरच लावते. मला नाव घेता येत नाही.”

“उच्चार जमत नाही का?”

“नाही. यजमानांचं आहे.”

“हो, यजमानाचंच नाव आहे. होस्ट नेम.”

“नाही साहेब. माझ्या यजमानांचं.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी भिंतीकडे. शेवटी फातिमा बाकावरून उठली, बोलायचं नाही हा नियम विसरून, आणि तिने कोश, कागद, नवरे, मोती, सगळं सांगितलं. साहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. ‘मोती’पर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढला. मग तो कडक माणूस टेबलावर हात टेकून इतका हसला की पलीकडच्या तुकडीतले दोघे दारात येऊन उभे राहिले.

हसू आवरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि द्वारकाचा कागद ओढून घेतला.

“साहेब, कारण चुकीचं आहे ना माझं?” तिने विचारलं. “गुण जातील का?”

“गुण कारणाचे नसतात, बाई. उत्तराचे असतात,” ते म्हणाले, “आणि चौकशीच्या बाईबद्दल दोन जास्त देतोय.” लिहिता लिहिता विचारलं, “बाकीच्या सहा यंत्रांचे नंबर पण पाठ आहेत?” तिने धडाधड सांगितले. मग बाकाकडे जाताना थांबून म्हणाली, “या सहाजणींना एकदा नंबरने करू द्या, साहेब. सगळ्यांना येतंय. त्यांना नावाची सवय आहे, एवढंच.”

साहेबांनी करू दिलं. आम्ही एकेक करून नंबर लावला आणि एकेक करून ‘चालू’ लिहिलं. आम्हाला अर्धे गुण मिळाले. सातहीजणी पास. द्वारका पहिली. बाकावर जागा करून तिला मध्ये बसवलं तेव्हा मी तिच्या कानात म्हणाले, “काल मी जे बोलले ते...” ती म्हणाली, “काल वारा फार होता, मला काही ऐकू आलं नाही.” साडेचारशे नंबर एका कानाने ऐकून लक्षात ठेवणारी बाई.

मधू जाऊन आता नऊ वर्षं होतील. घरात नातवंडांनी भिंतीवर एक डबा बसवलाय, त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघून ती सांगतात की जाळं चालू आहे की गेलंय. गेलंय म्हणाली की मी विचारते, नंबर लावून बघितला का? ती हसतात. त्यांना मी हे सगळं कधी सांगितलेलं नाही. सांगायला बसले की मला ती परीक्षा एवढी आठवत नाही, आठवतं ते त्यानंतरचं.

निकाल लागला तेव्हा चार वाजले होते. आम्ही पिशव्या घेऊन फाटकाशी आलो तर तिथे पांढरा सदरा घातलेला एक माणूस काठी धरून उभा होता. विट्याहून एस.टी.ने एकटाच आला होता. आमच्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून त्याने थोडा अंदाज घेतला आणि नेमका द्वारकाकडे वळला.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “लागला का निकाल?”

“लागला,” द्वारका म्हणाली. “अहो, आज या सगळ्यांनी तुम्ही नाही म्हणून सहीनिशी लिहून दिलं. सहाजणींनी.”

“मी नाही?”

“बंद.”

ते गोंधळले. फातिमा तोंडाला पदर लावून हसत होती. “भावजी, आम्ही तुम्हाला नावाने हाका मारल्या,” ती म्हणाली. “तुम्ही ढिम्म.”

“आणि तू काय लिहिलंस?” त्यांनी बायकोला विचारलं.

द्वारकाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आपलं कोपर त्यांच्या हाताखाली दिलं.

“मी आहेत म्हणून लिहिलं,” ती म्हणाली. “चारदा विचारलं. चारही वेळा ओ दिलीत तुम्ही.”